बुधवारचं चिकन आणि तव्याला लागलेली चव

आमच्या घरी चिकनचे वार ठरलेले आहेत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी आई नको म्हणते. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी रस्साच होतो. कांदा-खोबरं भाजायचं, काळा मसाला, वाटण, मंद गॅसवर रटरटणारं पातेलं. त्यात घाई करण्यात अर्थ नाही. पण बुधवारी सातपूरहून निघून इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, लेकीला भूक लागलेली असते आणि मिक्सरचं भांडं काढायचंही जिवावर येतं.

त्या बुधवारांसाठी मी एक प्रकार शिकले आणि आता तो हाताला बसलाय. चिकनचे तुकडे पॅनमध्ये खरपूस भाजायचे, ताटलीत काढायचे आणि त्याच पॅनमध्ये, तो न धुता, सात-आठ मिनिटांत सॉस करायचा. फ्रेंच स्वयंपाकातलं हे जुनं तंत्र आहे. साहित्य म्हणाल तर सात-आठ जिन्नस. तरी पहिल्यांदा करणाऱ्या बऱ्याच जणांचं चिकन पांढरट नि चिवट होतं आणि सॉस म्हणजे नुसतं आंबट पाणी. पाककृतीत 'मध्यम आचेवर पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं, पण त्या पाच मिनिटांत पॅनमध्ये काय घडायला हवं ते लिहिलेलं नसतं. ते एकदा कळलं की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत.

मला जे उमगलं ते असं, की हा सगळा मामला पाण्याचा आहे. सुरुवातीला पाणी अजिबात नको. मग एका क्षणी ते हवंच. नंतर ते आटवायचं. आणि शेवटी त्याची लोण्याशी गाठ घालायची. कुठल्या वेळी पाणी आत आणि कुठल्या वेळी बाहेर, एवढं ज्याला समजलं त्याला हा पदार्थ आला.

पिठल्याची खरपुडी

निफाडला आजोळी लोखंडी कढईत पिठलं व्हायचं. पिठलं वाढून झालं की आजी कढई पुन्हा दोन मिनिटं चुलीवर ठेवायची, उलथन्याने कड सोडवायची आणि तळाची खरपुडी अख्खी चकतीसारखी सुटून यायची. ती कोणाला मिळणार यावरून आम्हा भावंडांची रोजची भांडणं. बेसन तेच, तिखट-मीठ तेच, मग खरपुडीला एवढी चव कुठून आली?

पिठल्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. तळाच्या पातळ थरातलं पाणी उडून गेलं, की तो थर १४० अंशांच्या आसपास पोचतो. तिथे प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर यांची एकमेकांशी प्रक्रिया जोरात सुरू होते आणि तिच्यातून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात, रंग तपकिरी होतो. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेले शेंगदाणे, वाटणासाठी परतलेला कांदा, सगळीकडे हीच.

चिकन भाजताना मांसातून थोडा रस झिरपतो आणि पॅनच्या तळावर पसरतो. त्यातलं पाणी उडतं आणि उरलेलं तिथेच चिकटून तपकिरी होतं. फ्रेंच स्वयंपाकी त्याला 'फाँ' म्हणतात. शब्दाचा अर्थच तळ, पाया. आपल्याकडे खरवड हा शब्द आहे आणि तो मला जास्त नेमका वाटतो. सॉसची चव जी काही असते ती या खरवडीत असते. आणि आपण काय करतो, चिकन काढलं की पॅन सिंकमध्ये ठेवून नळ सोडतो.

मी पहिल्यांदा हे करत होते तेव्हा आई शेजारी उभी होती.

"अगं, तळाला लागलं बघ. पाणी टाक आधी."

"लागू दे आई, तेच हवंय."

"करपेल ना पण."

तिची भीती रास्त होती. खरपूस, लागलेलं आणि करपलेलं, या तीन पायऱ्या मराठी घरात प्रत्येकाला नाकाने ओळखता येतात, आणि इथे तेच नाक कामाला येतं. खरवड मधाच्या, मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाची हवी. कॉफीच्या बियांइतकी गडद झाली की कडू व्हायला लागते, आणि काळी पडली की तिच्यातून सॉस करू नका. कितीही लोणी घाला, कडूपणा जात नाही. अशा वेळी पॅन पुसून घ्यावा, चिकनवर लिंबू पिळून जेवावं.

पाणी नको ते कधी

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. चिकनचा तुकडा बाहेरून ओला असेल, तर ते पाणी संपेपर्यंत त्याचा पृष्ठभाग त्याच्या वर तापणारच नाही. म्हणजे खरपूस होणं तिथेच अडून बसतं. आणि पाणी सहज संपत नाही. बर्फाइतकं गार पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. तुकड्यांवर दोन चमचे पाणी राहिलं तरी गॅसची बरीचशी ताकद ते उडवण्यात खर्च होते, आणि तोवर आतलं मांस शिजून, आकसून, कोरडं होत जातं.

म्हणून चिकन कोरडं करणं ही या पदार्थातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे असं मी मानते, आणि नेमकी तीच सगळे गाळतात.

मी बुधवारचं चिकन सकाळीच आणते. दुकानदार ओळखीचे आहेत. "दादा, मांडीचं बोनलेस अर्धा किलो, कातडी ठेवून. आणि हाडं वेगळी बांधून द्या" असं सांगावं लागतं, कारण आपल्याकडे न विचारता कातडी सोलूनच देतात. कातडी नको असेल तर नसली तरी चालतं, पण खरपूसपणा तिच्यावर जास्त येतो. ताजं कापलेलं कोंबडं लगेच शिजवलं तर मांस ताठर लागतं. काही तास थंड जागी राहिलं की स्नायू सैल पडतात. सकाळी आणण्याचा हा एक फायदा.

दुसरा फायदा मिठाचा. अर्धा किलोला बारीक मीठ एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, सगळीकडून चोळायचं. सुरुवातीला मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी तुकडे ओलेचिंब दिसतात. त्या वेळी भाजायला घेतलं तर फसलं. पाऊण तासाने तेच खारट पाणी मांस परत आत घेतं, प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना रस धरून ठेवतात. त्यामुळे मीठ एक तर भरपूर आधी लावा, नाहीतर पॅनमध्ये टाकण्याच्या अगदी आधी. मधली वेळ वाईट. मी मीठ लावून, ताटलीत एकेक तुकडा सुटा ठेवून, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, कच्चं-पक्कं दुसरं काही त्याला लागणार नाही असं, न झाकता ठेवते. फ्रीजमधली हवा कोरडी असते. संध्याकाळपर्यंत कातडी कागदासारखी होते.

धुण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, असं अन्नसुरक्षेचं काम करणाऱ्या संस्था सांगतात, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. जंतू मरतात ते शिजवल्यानेच. आपल्याकडे न धुता चिकन पातेल्यात घालणं जिवाला पटत नाही हे मला मान्य आहे. मग निदान धारेखाली नको, खोल भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, सिंक साबणाने घासा आणि तुकडे टिपकागदाने खरोखर कोरडे होईपर्यंत टिपा.

पाणी बाहेरून येतं तसं तुकड्यांच्या गर्दीतूनही येतं. एकदा दिराकडची मंडळी येणार होती म्हणून मी एक किलो चिकन एकाच पॅनमध्ये दाटीवाटीने लावलं. मिनिटभरात चुरचुर थांबली, बुडबुड सुरू झाली आणि तुकडे स्वतःच्याच पाण्यात पोहायला लागले. वीस मिनिटांनी जे निघालं ते उकडलेलं, राखाडी चिकन होतं आणि तळाला खरवडीचा मागमूस नव्हता. पाहुण्यांनी काही न बोलता खाल्लं, मला मात्र घास जाईना. तुकड्यांमधून निघणारी वाफ वर जायला जागा लागते. दोन तुकड्यांत एका बोटाचं अंतर हवं. जास्त माणसं असतील तर दोन खेपा करा.

पॅन कुठला

नॉनस्टिकवर काही चिकटत नाही, म्हणजे खरवडही धरत नाही. या एका कामाला ते भांडं निरुपयोगी. बिडाचा तवा किंवा कढई भाजायला उत्तम, पण सॉसमध्ये आंबट पडणार आणि ते जास्त वेळ राहिलं की लोखंडाची चव उतरते. बिनलेपाच्या ॲल्युमिनियमचीही आंबटाशी तीच अडचण. जाड बुडाचा स्टीलचा पॅन सर्वांत बरा, ज्याला दुकानात ट्रायप्लाय म्हणतात, म्हणजे मधे ॲल्युमिनियम आणि दोन्ही बाजूंनी स्टील. मी माझा भांडी बाजारातून आणला. तिथे भांडं हातात घेऊन वजन बघता येतं, आणि पॅन निवडताना वजन हीच खरी खूण. हलका पॅन थंड चिकन पडताच गार पडतो.

स्टीलला चिकटतं म्हणून लोक घाबरतात. पॅन रिकामाच मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा आणि ओल्या बोटाने पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून उडाला तर पॅन अजून तापायचाय. पाऱ्यासारखा गोळा होऊन इकडून तिकडे पळायला लागला तर तयार. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. योहान लाइडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं आणि परिणामाला त्याचंच नाव आहे. आता पॅनमधलं पाणी पुसून एक मोठा चमचा शेंगदाणा तेल घाला. लोणी या टप्प्यावर नको. त्यातला दुधाचा अंश करपतो.

तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि मग हात मागे घ्या. हे फार जड जातं, कारण आपल्याला परतत राहायची सवय. मांसातली प्रथिनं तापलेल्या धातूला धरतात. खालचा थर कोरडा नि खरपूस झाला की स्वतःहून सोडतात. तुकडा उचलताना ओढ लागत असेल तर तो अजून झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कान देऊन राहा. चुरचुर सलग, भरीव हवी, पावसाळ्यात पत्र्यावर सर पडते तशी. आवाज मंदावला तर आच वाढवा, तडतडून तेल उडायला लागलं तर कमी करा. कातडी असेल तर सात-आठ मिनिटं, नसेल तर पाच. मग उलटून आणखी चार-पाच.

शिजलं की नाही हे ठरवायला मी आता साधा डिजिटल थर्मामीटर वापरते. सुई सर्वांत जाड भागात खुपसायची, ७४ अंश दिसले की चिकन सुरक्षित. मांडीचं मांस ८० च्या पुढे गेलं तर उलट जास्त चांगलं लागतं, कारण त्यातले चिवट तंतू विरघळून मऊ होतात. छातीच्या मांसाचं तसं नाही. ते ७४ च्या वर गेलं की भराभर कोरडं पडतं. म्हणून थकलेल्या संध्याकाळी मी मांडीच घेते, दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ती माफ करते. छातीचंच करायचं असेल तर दोन प्लास्टिकच्या मधे ठेवून लाटण्याने ठोकून सगळीकडे सारखं जाड करून घ्या, नाहीतर टोक वाळतं आणि मध्य कच्चा राहतो. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी, काचेसारखं काही दिसायला नको.

चिकन स्वच्छ ताटलीत काढून ठेवा, कच्चं ठेवलं होतं त्या ताटलीत नको.

आता पाणी हवं

पॅनमध्ये बरीच चरबी सुटलेली असते. चमचाभर ठेवून बाकीची काढून घ्या. मग गोल्टी कांदे. लासलगाव-निफाडकडच्या बाजारात लहान आकाराच्या कांद्याला गोल्टी म्हणतात, भाव कमी मिळतो बिचाऱ्यांना, पण या सॉसला ते फार चांगले. दोन गोल्टी अगदी बारीक चिरून, दोन लसूण पाकळ्या ठेचून, मिनिटभर परता. कांद्याचं स्वतःचं पाणी सुटतं आणि खरवड कडेने ढिली व्हायला लागते.

आणि मग तो क्षण. अर्धी वाटी आंबट द्रव एकदम पॅनमध्ये ओता. फस्स करून वाफेचा ढग उठतो, चेहरा मागे घ्या. वाफेला आधी नुसता आंबट, मग भाजलेल्या मांसाचा वास असतो. लाकडी उलथन्याने तळ घासा. दहा सेकंदांपूर्वी पॅनला चिकटलेली तपकिरी नक्षी ढगासारखी विरघळून द्रवात मिसळते, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि खालचं स्टील चकचकीत दिसायला लागतं. गरम पॅनवरच्या खरवडीचे बरेच घटक पाण्यात विरघळतात, तेलात नाही. इतका वेळ जे पाणी आपण कटाक्षाने बाहेर ठेवलं, त्याचंच हे काम.

द्रव आंबट का हवा? मांस, कातडी, पुढे येणारं लोणी, सगळं जड, तेलकट. आंबटपणा नसेल तर चौथ्या घासाला जीभ कंटाळते. फ्रान्समध्ये इथे वाइन घालतात. नाशिककरांना वाइनची नवलाई राहिलेली नाही. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि आज गंगापूर धरणाच्या बाजूला रविवारी गाड्यांची रांग असते. वापरायचीच तर पांढरी आणि कोरडी घ्या, इथली शेनिन ब्लाँ चालते. गोड पोर्ट वाइन नको. ओतताना गॅस बंद करा, कारण मद्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. आणि शिजवल्यावर सगळं मद्य उडून जातं हा समज खरा नाही, थोडं उरतंच. लेक नऊ वर्षांची आहे, म्हणून मी घरच्या जेवणात वाइन घालत नाही.

त्याऐवजी हंगामात द्राक्षं. जानेवारीत पहिली येतात ती बऱ्यापैकी आंबट असतात. पंधरा-वीस मणी नीट धुऊन, चुरडून, गाळून अर्धी वाटी रस निघतो, गोड वाटला तर लिंबाचे थेंब. युरोपात न पिकलेल्या द्राक्षांचा आंबट रस स्वयंपाकासाठी मुद्दाम काढतात. मामाच्या बागेत विरळणीच्या वेळी हिरव्या आंबट मण्यांचा खच पडतो, तो बघून मला मोह व्हायचा. पण त्या मण्यांवर नुकतीच फवारणी झालेली असते, काढणीच्या आधी जो काळ जाऊ द्यावा लागतो तो गेलेला नसतो. म्हणून ते घेऊ नका.

आणि द्राक्षं नसताना चिंच. हे मला स्वतःला फार आवडतं, कारण त्यामागे पक्कं कारण आहे. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. वाइनच्या आंबटपणाची जी जात, तीच आपल्या घरातल्या बरणीत पडलेली असते. अर्धी वाटी कोमट पाण्यात सुपारीएवढी चिंच कोळून, गाळून घ्या, त्यात गुळाचा हरभऱ्याएवढा खडा. कोळ पातळ हवा, आमटीत घालतो तसा दाट नको.

आटवणं आणि लोणी

आंबट द्रव निम्मा आटला की एक पेला अळणी पाणी घाला. सकाळी वेगळी बांधून आणलेली हाडं आल्याच्या तुकड्याबरोबर कुकरमध्ये अर्धा तास शिजवायची आणि गाळायचं, बस. मी हे रविवारीच जास्तीचं करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. हाडं आणि सांध्यांमधलं कोलॅजेन शिजून जिलेटिन होतं. चांगलं अळणी पाणी फ्रीजमध्ये जेलीसारखं थरथरतं, ते यामुळे. सॉसला मैद्याशिवाय जो भरीवपणा येतो तो या जिलेटिनचा. साध्या पाण्यानेही सॉस होतो, फक्त जरा पातळ राहतो.

त्यात मीठ मात्र नको, आणि म्हणूनच बाजारातले चिकन क्यूब मी इथे टाळते. पेलाभर पाणी आटून तिसरा हिस्सा उरणार आहे. मीठ उडत नाही, ते सगळं त्या तिसऱ्या हिश्शात गोळा होतं. चवीला बरोबर वाटणारं पाणी आटल्यावर तिप्पट खारट होईल. शेवटी चाखून मीठ घाला.

मोठ्या आचेवर पाच मिनिटं. बुडबुडे आधी लहान, चपळ असतात. पाणी आटत जातं तसे मोठे, आळशी होतात. चमचा बुडवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली तर सॉस झाला. ताटलीत चिकनखाली जमलेला रस विसरू नका, तोही ओता आणि एक उकळी येऊ द्या.

आता गॅस बंद. पॅन अर्धा मिनिट थांबू द्या आणि फ्रीजमधून काढलेलं थंडगार लोणी, साधारण २० ग्रॅम, दोन-तीन तुकडे करून घाला आणि पॅन गोल फिरवत राहा. पाणी आणि चरबी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. पण लोण्यात चरबीबरोबर थोडं पाणी आणि दुधाची प्रथिनंही असतात. लोणी हळूहळू वितळलं तर चरबीचे बारीक थेंब सुटतात, ती प्रथिनं त्या थेंबांभोवती अस्तर धरतात आणि थेंब सॉसभर लटकत राहतात. सॉस एकदम गुळगुळीत, चमकदार होतो, चमच्यावरून सावकाश ओघळतो. उकळत्या सॉसमध्ये लोणी टाकलं तर ते भसकन वितळतं, थेंब एकत्र येतात आणि वर तेलाचा तवंग दिसतो. तसं झालं तर घाबरू नका. गॅस बंद करून चमचाभर गार पाणी घाला आणि जोरात फेटा, बहुतेक वेळा जुळून येतो.

आई विचारते, तूप का नाही? तुपात पाणीही नाही आणि दुधाचा अंशही नाही. कढवताना आपण तेच तर काढून टाकलेलं असतं. त्यामुळे तुपाने तवंग येतो, बांधणी येत नाही. घरचं ताजं लोणी सर्वांत उत्तम. अमूलचं नेहमीचं बटर वापरलं तर ते खारट असतं एवढं लक्षात ठेवून मीठ आवरतं घ्या. दही नको, या आंबटात आणि उष्णतेत ते फाटतं.

वरून भरड मिरी, मूठभर कोथिंबीर. गरम मसाला घालायचा मोह होतो, पण एकदा तरी न घालता खाऊन बघा. काळा मसाला आवडत असेल तर कांद्याबरोबर पाव चमचा परता, त्याहून जास्त झाला तर तो रस्सा व्हायला लागतो आणि रस्सा रविवारी आहेच.

सॉस चिकनच्या वर नको, खाली पसरा. खरपूस केलेली कातडी वरून ओली केली तर इतका वेळ बाहेर ठेवलेलं पाणी आपणच परत तिच्यावर घातल्यासारखं होतं. बरोबर इगतपुरीकडचा इंद्रायणी भात असला तर मऊ भातात सॉस छान मुरतो. घाई असली तर लादीपाव. आई भाकरीशी खाते.

उरला तर सॉस वेगळ्या डबीत आणि चिकन वेगळं, फ्रीजमध्ये. गुरुवारी आमच्याकडे खात नाहीत, म्हणून ते शुक्रवारच्या डब्यात जातं. सॉस गरम करताना चमचाभर पाणी घालून मंद आचेवर हलवत राहायचं, उकळी येऊ द्यायची नाही, आणि चिकन मात्र आतपर्यंत वाफाळतं गरम करायचं.